बँक बदलली, मुख्य खाते जागच्या जागी

ब्रिटनमध्ये खाते आपल्याकडे हलविणाऱ्या ग्राहकाला बँका अनेकदा शंभर पौंड किंवा त्याहूनही अधिक रोख रक्कम देतात. चतुर ग्राहक मात्र पगाराच्या मुख्य खात्याला हातही लावत नाहीत. ते एक दुय्यम खाते उघडतात, त्यावर दोन-तीन डायरेक्ट डेबिट जोडतात आणि तेच खाते बक्षिसामागून बक्षीस घेत बँकाबँकांतून फिरवितात.

हे सोपे झाले ते सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झालेल्या खातेबदल सेवेमुळे. मूठभर बड्या बँकांचे वर्चस्व कमी व्हावे, यासाठी सर जॉन व्हिकर्स आयोगाने २०११ मध्ये तिची शिफारस केली होती. सात कामकाजाच्या दिवसांत खाते हलते, जुने बंद होते आणि त्यावर येणारे पैसे नव्या खात्यात वळविले जातात.

यात बेकायदा काही नाही. बँकाही किमान भरण्याची अट घालतात, पूर्वी लाभ घेतलेल्यांना अनेकदा वगळतात. वारंवार केलेल्या अर्जांची नोंद पतअहवालात राहते. गृहकर्ज घेऊ पाहणाऱ्याने हा मोह टाळलेला बरा.

खरा प्रश्न धोरणाचा आहे. फिरत्या खात्याला बक्षीस मिळते. वर्षानुवर्षे एकाच बँकेत राहिलेल्या वृद्ध खातेदाराच्या पदरी काहीच पडत नाही. भारतातही २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी खातेक्रमांक कायम ठेवून बँक बदलण्याची कल्पना मांडली होती. वाट सुकर झाली, तरी मुख्य खाते हलविण्याजोगी चांगली सेवा पलीकडे नसेल, तर स्पर्धा बक्षिसापुरतीच उरते.