घर पाठीवर न घेता सहलीला जाण्याचा हक्क

गेल्या महिन्यात आमच्या संशोधक मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक बेत शिजला. सुट्टीत भाड्याने मोटरहोम घ्यायची आणि बंगळुरूहून थेट खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं. बिडदीचं वंडरला शहरापासून अवघ्या 28 किलोमीटरवर आहे, पण "जिथं सिटी बस जाते, तिथं जाण्याला ट्रिप कोण म्हणतं?" असं एकाचं म्हणणं पडलं. इमॅजिका सुमारे 900 किलोमीटर. चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे. गाडीतच पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि संडास. "वाटेत कुणाच्या दारात उभं राहायला नको," हे या गाडीचं सगळ्यात मोठं कौतुक.

रात्री आईला फोनवर हे सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडीत संडास? मग तो रिकामा कोण करतं?"

समाजशास्त्रात एम. ए. करून पीएच. डी.च्या चौथ्या वर्षात असलेल्या मला हा प्रश्न सुचला नव्हता.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. घरात पदवी घेणारी मी पहिली. प्रवास आम्ही खूप केला, पण तो ऊसतोडीला, दवाखान्याला, लग्नाला, मयताला. मनापासून केलेला प्रवास म्हणजे 6 डिसेंबरला चैत्यभूमी आणि एकदा नागपूरची दीक्षाभूमी. निघताना आई भाकरी, चटणी आणि पाण्याचा कॅन बांधून घ्यायची. मला वाटायचं, पैसे वाचवायला. मोठी झाल्यावर कळलं की तिच्या आईनेही तेच केलं होतं आणि तिचं कारण पैशाचं नव्हतं. वाटेत पाणी कोण देईल, कसं देईल, याची खात्री नव्हती.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी 1901 सालचा प्रवास सांगितला आहे. आपण तो अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण तो मुळात सुट्टीतला प्रवास होता, हे विसरतो. वडील नोकरीनिमित्त गोरेगावला होते, त्यांनी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावलं होतं. मुलांनी कधी आगगाडी पाहिली नव्हती. नवे कपडे, रेशीमकाठी धोतरं, चमचमत्या टोप्या घालून ती निघाली. मसूर स्टेशनवर जात कळली आणि सहल तिथंच संपली. दुप्पट भाडं घेऊनही गाडीवान त्यांच्यासोबत गाडीत बसेना, मुलांनाच बैल हाकावे लागले. डब्यात जेवण होतं, प्यायला पाणी नव्हतं. आमची मोटरहोम ज्या महामार्गाने जाणार, त्याच्या उंब्रज फाट्यापासून मसूर काही किलोमीटरवर आहे.

पुढे 1934 मध्ये बाबासाहेब सुमारे 30 सहकाऱ्यांसोबत वेरूळ-दौलताबाद पाहायला गेले. बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत बोललेला माणूस. तरीही ओळख न सांगता प्रवास करायचं ठरवावं लागलं. दौलताबादच्या हौदावर धुळीने भरलेले हातपाय धुतले म्हणून 'तळं बाटवलं' असा गोंधळ झाला. शेवटी किल्ला पाहू दिला तो या अटीवर की आत कुठेही पाण्याला शिवायचं नाही, आणि त्यावर लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत दिला.

साता समुद्रापलीकडे हीच गोष्ट दिसते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात दोन प्रसंग आहेत. एक, टीव्हीवर जाहिरात पाहून फनटाउन या करमणूक उद्यानात जायचा हट्ट धरणारी सहा वर्षांची मुलगी, आणि ते काळ्या मुलांसाठी बंद आहे हे तिला सांगताना बापाची होणारी अवस्था. दुसरा, लांबच्या प्रवासात कुठलंही मोटेल खोली देत नाही म्हणून रात्रीमागून रात्री मोटारीत अवघडून झोपणं.

म्हणजे थीम पार्क आणि गाडीत झोपणं, आमच्या बेतातल्या दोन्ही गोष्टी त्या पत्रात आहेत. फक्त तिथं त्या अपमान आहेत आणि आमच्या ग्रुपवर मौज. ज्याच्यासाठी प्रत्येक दार उघडं आहे, त्याला घर सोबत नेणं हे स्वातंत्र्य वाटतं. ज्याच्यासाठी दारं बंद होती, त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाणी आणि भाकर पाठीवर वाहिली. त्याचं स्वातंत्र्य रिकाम्या हाताने निघता येण्यात आहे.

म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद 15(2) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांच्यासोबत सार्वजनिक करमणुकीची ठिकाणंही लिहिलेली आहेत. करमणूक ही पोटापाण्याचे प्रश्न सुटल्यावर बघायची गोष्ट आहे, असं संविधानाला वाटलं नाही. इमॅजिकाचं वॉटर पार्क ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात महाडचं चवदार तळं आहे. 20 मार्च 1927 ला तिथं ओंजळभर पाणी प्यायला लढा द्यावा लागला.

आपल्यापैकी अनेकांना मौजेची लाज वाटते. फेलोशिप महिनोन्‌महिने रखडते, आली की आधी घरचं कर्ज आठवतं. सहलीचा फोटो टाकताना बोटं अडखळतात. "चळवळ सोडून पाळण्यात बसते," असं आपलेच लोक म्हणतील ही धास्ती. शिवाय सवर्ण मित्राची ट्रिप ही फक्त ट्रिप असते, आपली मात्र 'यांना कसं परवडतं?' या चौकशीचा विषय होते. माझं म्हणणं आहे, जा. ज्या मुलांची सहल मसूरला मोडली, त्यांच्या वतीने जा.

पण आईचा प्रश्न सोबत घेऊन जा. मैला वाहून नेण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा 2013 चा आहे. तरी आपली घाण उपसणारी माणसं कोणत्या जातीची असतात, हे आपल्याला माहीत आहे. चाकांवरचं घर घाणीपासून आपली सुटका करत नाही, फक्त ती पुढच्या मुक्कामाला नेते. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आणावं. पण एसटीने प्रवास करणाऱ्या बाईला स्थानकावर स्वच्छ संडास आणि नळाला पाणी मिळणं, हेही पर्यटन धोरणच आहे. पैसे असतील त्याने स्वतःची टाकी न्यावी आणि बाकीच्यांनी तहान आवरावी, याला प्रगती म्हणता येणार नाही.

मी ग्रुपवर होकार कळवला आहे, तीन अटींवर. संडासाची टाकी आपली आपण, पाळीपाळीने रिकामी करायची. कोल्हापुरात थांबायचं, जिथं शाहू महाराज गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायले. आणि उंब्रजला वळून मसूर स्टेशनवर तासभर बसायचं. पहिल्या अटीवर ग्रुप दोन दिवस गप्प होता. मग एकाने अंगठा दाखवला, बाकीच्यांचं अजून यायचंय.

आईलाही वाटेत गाडीत घेणार आहे. "त्या उंच पाळण्यात मी काही बसायची नाही," असं तिनं आधीच बजावलंय. मग विचारलं, "पाण्याचा कॅन घेऊ का?"

मी म्हणाले, "नको आई. या वेळी रिकाम्या हाताने ये."