कर्ज काढण्याआधी नोंदवही पाहा

देहूरोडच्या आमच्या वस्तीतील एक मुलगी डिप्लोमाला आहे. तिच्या प्रकल्पात रास्पबेरी पाय ४ हा एटीएम कार्डाएवढा, लिनक्सवर चालणारा संगणक आणि समोरच्या वस्तूचे अंतर मोजणारा यूएसबी कॅमेरा आहे. कॅमेरा पाच मिनिटे चाले आणि बंद पडे. कॅमेराच खराब, असे समजून वडील नव्यासाठी उसने पैसे काढायला निघाले. आम्ही म्हटले, "दादा, थांबा. आधी तपासू."

आम्ही कारकून माणसे, आधी नोंदवही उघडतो. या यंत्राचीही नोंदवही असते. ‘डीएमईएसजी’ ही आज्ञा दिली की ती पडद्यावर येते. तीत ‘अंडरव्होल्टेज डिटेक्टेड’ अशी ओळ सापडली. म्हणजे वीज अपुरी!

या संगणकाला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतो. घरी तो मोबाईलच्या जुन्या चार्जरवर चालला होता. शिवाय त्याचे चारही यूएसबी पोर्ट मिळून फक्त १.२ अँपिअर देतात.

पालकांनो, उपाय क्रमाने करा. प्रथम योग्य अ‍ॅडॉप्टर लावा. मग आखूड, चांगली केबल लावून कॅमेरा निळ्या पोर्टात जोडा. तरीही बंद पडला तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब घ्या. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे दोष कुठे होता ते कळते.

मुलीने अ‍ॅडॉप्टर बदलला. कॅमेरा रात्रभर चालला. उपाशी कामगाराला कामचुकार म्हणू नये, तसेच यंत्राचेही आहे.