विश्लेषण : मालिकांमधल्या ‘घरच्या कंपनी’वर प्रेक्षक खूशही आणि नाराजही, असे का?

झी मराठीवर ११ ऑगस्ट २०२५ रोजी ‘वीण दोघांतली ही तुटेना’ ही मालिका सुरू झाली. सुबोध भावे यांनी साकारलेला समर राजवाडे हा मोठा उद्योजक, तर तेजश्री प्रधान यांची स्वानंदी मध्यमवर्गीय घरातली. लग्नाचे वय उलटले असे ज्यांच्याबद्दल बोलले जाते, अशा दोघांची ही गोष्ट. अनुभवी जोडी आणि समजूतदार संवाद म्हणून एका गटाने मालिकेचे स्वागत केले. दुसऱ्या गटाने ‘पुन्हा तोच श्रीमंत नायक’ म्हणत नाक मुरडले आणि २०११ च्या ‘बडे अच्छे लगते हैं’ या हिंदी मालिकेशी तुलना सुरू केली. घरचा मोठा उद्योग हा गेली दहा-बारा वर्षे मराठी मालिकांचा हमखास मसाला आहे आणि त्यावर प्रेक्षक दर वेळी असेच विभागले जातात. त्यामागे केवळ आवडनिवड आहे की आणखी काही?

मालिकांमध्ये उद्योग कधीपासून?

या दोन्ही कलाकारांनी याआधीही उद्योजक घराच्या मालिका केल्या आहेत. ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३ ते २०१६) मध्ये तेजश्री प्रधान यांची जान्हवी ‘गोखले गृहउद्योग’ चालवणाऱ्या घरात सून म्हणून जाते. रोहिणी हट्टंगडी यांची आईआजी आणि इतर सासवा यांच्यामुळे ती मालिका घराघरांत पोहोचली. ‘तुला पाहते रे’ (१३ ऑगस्ट २०१८ ते २० जुलै २०१९) मध्ये भावे यांनी उद्योगपती विक्रांत सरंजामेची भूमिका केली. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६ ते २०२१) मध्ये अनिता दाते-केळकर यांची राधिका घरच्या मसाल्यातून कंपनी उभी करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पारू’मध्ये घरातल्या नोकराची मुलगी त्याच घराच्या कंपनीची जाहिरातीतली ओळख बनते.

या मालिकांचे लेखक, कलाकार वेगळे आहेत, पण एक गोष्ट समान आहे. कंपनी पडद्यावर फारशी दिसत नाही. दिसतो तो दिवाणखाना, जिना आणि एखादे केबिन. रोजच्या मालिकेत एका भागासाठी वीस-बावीस मिनिटांचे चित्रीकरण लागते. बांधलेल्या सेटवर ते शक्य होते. कारखान्यात, गोदामात किंवा वितरकाच्या दुकानात रोज जाणे खर्चाचे आणि वेळखाऊ ठरते. त्यामुळे धंद्यातले सगळे निर्णय जेवणाच्या टेबलावर होतात.

प्रेक्षक नेमके कशावर चिडतात?

राधिकाची कंपनी ३०० कोटींची झाल्याचे दाखवले तेव्हा समाजमाध्यमांवर विनोदांचा पाऊस पडला. तो का पडला, हे साध्या गणिताने समजते. हे ३०० कोटी म्हणजे वर्षाची उलाढाल आणि १०० ग्रॅमच्या एका पाकिटामागे कंपनीला ५० रुपये मिळतात, असे धरू. तर वर्षाला ६ कोटी पाकिटे विकावी लागतील. म्हणजे ६,००० टन मसाला. वर्षात ३०० दिवस काम झाले तर रोज २० टन. एवढ्या मालासाठी मिरची-धण्याची हंगामात खरेदी, गोदामे, दळण्याची यंत्रे, अन्नसुरक्षा परवाना, वितरकांना द्यावी लागणारी उधारी आणि खेळते भांडवल लागते. पडद्यावर मात्र एका दालनात पाकिटे भरणाऱ्या बायका दिसत होत्या.

तरीही गृहिणीने मसाल्याचा मोठा उद्योग उभारणे ही कल्पना अशक्य कोटीतली नाही, आणि पुणेकरांना तर ती मुळीच नवीन नाही. हुकमीचंद चोरडिया आणि त्यांच्या पत्नी कमलबाई यांनी १९६२ मध्ये पुण्यात ‘प्रवीण मसालेवाले’ सुरू केले. ‘सुहाना’ आणि ‘अंबारी’ हे ब्रँड त्यातूनच पुढे आले. १९५० मध्ये पुण्यात सुरू झालेले चितळे बंधू मिठाईवाले हेही कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या धंद्याचे उदाहरण. अशा धंद्यांना लागलेली दशके शहराने पाहिली आहेत. म्हणून प्रेक्षकाचा आक्षेप यशावर नसतो, त्याच्या वेगावर असतो.

एका सहीने कंपनी हातची जाते का?

मालिकांमधला सर्वांत लाडका प्रसंग म्हणजे फसवून घेतलेली सही. फाइलमध्ये एक कागद सरकवला जातो, नायिका न वाचता सही करते आणि दुसऱ्या दिवशी खलनायिका अध्यक्षाच्या खुर्चीत बसते. ‘तुला पाहते रे’चा उत्तरार्धही मालमत्ता कोणाच्या नावावर यावरच फिरला. पुनर्जन्माचे वळण आल्यावर अनेकांनी मालिकेकडे पाठ फिरवली.

प्रत्यक्षात कायदा बराच संथ आहे. कंपनीचे शेअर हस्तांतरित करायचे तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ५६ नुसार मुद्रांकित हस्तांतरणपत्र लागते. त्यावर देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या लागतात आणि ते ६० दिवसांत कंपनीकडे द्यावे लागते. छोट्या कंपन्या वगळता खासगी कंपन्यांनाही आता शेअर डिमॅट स्वरूपात ठेवावे लागतात. संचालकाला हटवायचे तर विशेष नोटीस द्यावी लागते आणि त्याला बाजू मांडण्याची संधी मिळते. फसवून सही घेतली असेल तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९ नुसार तो करार रद्द करून घेता येतो. आणि कंपनीची जमीन वा यंत्रे भागधारकाच्या मालकीची नसतात, ती कंपनीचीच असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच स्पष्ट केले आहे.

मृत्युपत्रांचेही तसेच. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी मात्र सक्तीची नाही. ‘नॉमिनी माझं नाव आहे, म्हणजे शेअर माझे’ हा संवादही चुकीचा आहे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधील खटल्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नॉमिनी झाल्याने कोणी शेअरचा मालक होत नाही, मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते.

मग मालिका साफ खोट्या आहेत का?

तसेही नाही. घरातल्या वादाची कोंडी त्या बरोबर पकडतात, प्रक्रिया चुकवतात. पुण्याच्या किर्लोस्कर कुटुंबातील २००९ च्या समझोता करारावरून सुरू झालेला वाद दिवाणी न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला. (‘पारू’मधल्या कुटुंबाचे आडनावही किर्लोस्कर आहे, ते कुटुंब मात्र काल्पनिक आहे.) खरा वाद असा असतो. त्यात वर्षे जातात, तारखा पडतात, वकील बदलतात आणि सणाला एकत्र बसायचे की नाही हा प्रश्नही उरतोच. तो रात्री साडेआठच्या एका भागात मावत नाही.

महिला प्रेक्षकांना यात काय दिसते?

राधिकावर हसणारे होते, तसे तिच्यासाठी रोज टीव्ही लावणारेही होते, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. रविवार पेठेतल्या दुकानाचा गल्ला असो की भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपचे हिशेब, घरच्या धंद्यात राबणाऱ्या अनेक स्त्रियांना पगार नसतो आणि कागदावर नावही नसते. याबाबत कायदा काहीसा कोरडा आहे. भागीदारी कायदा, १९३२ नुसार भागीदारी करारातून निर्माण होते, नात्यातून नाही. वीस वर्षे दुकानात बसली म्हणून सून भागीदार होत नाही. हिंदू अविभक्त कुटुंबात ती सदस्य असते, पण जन्मसिद्ध वाटा असलेली समांशदार नसते. मुलींना तो हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने (तेव्हा अविवाहित असलेल्यांना) आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. मात्र शेअर, ट्रेडमार्क किंवा भागीदारीतला हिस्सा कोणाच्या नावावर आहे, हा वेगळाच प्रश्न राहतो. उलट टोकाला, कर्ज किंवा सवलतीसाठी फर्म पत्नीच्या नावावर आणि सगळे व्यवहार पतीच्या हाती, असेही दिसते.

म्हणूनच मालिकेतली सून पहिल्यांदा अध्यक्षाच्या खुर्चीत बसते तेव्हा एका घरात टाळ्या पडतात आणि शेजारच्या घरात ‘असं कुठं असतं का’ म्हटले जाते. दोघांनाही ती खुर्ची घरच्या अनुभवातून ठाऊक असते. एकीला ती मिळालेली नसते आणि दुसऱ्याला ती इतकी सहज मिळत नाही हे माहीत असते.

इतकी टीका होऊनही टीआरपी का टिकतो?

कारण टीका आणि मोजमाप वेगवेगळ्या ठिकाणी होते. टीआरपी ‘बार्क’ ही संस्था मोजते. २०२५ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार देशातल्या सुमारे २३ कोटी टीव्ही घरांसाठी सुमारे ५८ हजार मीटर आहेत. म्हणजे सुमारे ०.०२५ टक्के. वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण हे मीटर ओळखते. घरातला कोण पाहतो आहे, ते बटण दाबून नोंदवायचे असते. मोबाइलवर पाहिलेला भाग किंवा त्यावर केलेला विनोद या आकड्यात येत नाही. संध्याकाळी दिवाणखान्यात सुरू असलेला टीव्ही येतो, मग पाहणारा रागावलेला असो की रमलेला. दर गुरुवारी आकडे येतात आणि कथेला कुठे वळवायचे हे त्यावर ठरते. सहीचा प्रसंग, संशय, कटकारस्थान या आकड्यांना मानवते. शेअर हस्तांतरणाची ६० दिवसांची मुदत मानवत नाही.

पुढे काय अपेक्षित?

मालिकेने कायद्याचा तास घ्यावा, असे कोणी म्हणत नाही. नाराज प्रेक्षकाची मागणी त्याहून लहान आहे. नायिकेने कागद वाचून सही करावी, कंपनी वाढायला एखादे वर्ष जावे, आणि ती राबते त्या धंद्यात तिचा वाटा किती हे एकदा तरी कोणीतरी स्पष्ट विचारावे. ‘वीण दोघांतली ही तुटेना’मध्ये मोठा उद्योग सांभाळणारा भाऊ आणि स्वतःच्या पायावर उभी राहू पाहणारी स्वानंदी समोरासमोर आहेत. म्हणजे हा प्रश्न विचारायची जागा तिथे आहे. तो विचारला गेला, तर ‘पुन्हा तेच’ म्हणणाऱ्यांचे निम्मे गाऱ्हाणे मिटेल.

घरात धंदा असणाऱ्या प्रेक्षकांना मात्र मालिकेची वाट पाहण्याची गरज नाही. भागीदारी करारात कोणाची नावे आहेत, शेअर कोणाच्या नावावर आहेत, ट्रेडमार्क कोणाचा आणि मृत्युपत्र झाले आहे का, हे चार प्रश्न जेवणाच्या टेबलावरही विचारता येतात.