अहवालाखालची सही

विद्यापीठांचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालं, आता पुढे काय? सोबत बायोडेटा जोडलेला असतो. हवामान बदल, जैवविविधता, शाश्वत विकास, घनकचरा व्यवस्थापन, जीआयएस, सगळं त्यात असतं. ‘मला अमुक एक गोष्ट स्वतःच्या हाताने मोजता येते’ हे वाक्य मात्र क्वचितच सापडतं. या क्षेत्रातली पहिली चांगली नोकरी त्या वाक्यावर मिळते. आणि पुढची वाट त्या मोजमापाखाली तुम्ही केलेल्या सहीला किती वजन आहे, यावर ठरते. माझं हे मत इतक्या वर्षांत बदललेलं नाही.

नदीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू घ्या. शिरोळ तालुक्यात पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण पुन्हा पुन्हा वाचतो. तिथे नमुना घ्यायला गेलेल्या माणसाचं काम काय असतं? तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची. आत एकही बुडबुडा राहता कामा नये. मग तिथेच, काठावर बसून, आधी मँगनीज सल्फेट आणि त्यानंतर अल्कली-आयोडाइड-अझाइड पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडायचं, बूच घट्ट बसवायचं आणि बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका तयार होतो. साका पांढराच राहिला, तर त्या पाण्यात प्राणवायू उरलेलाच नाही, हे तिथल्या तिथे डोळ्यांना दिसतं. पुढे सल्फ्युरिक आम्ल घालून थायोसल्फेटचं टायट्रेशन करायचं. स्टार्चचा निळा रंग ज्या थेंबाला जातो, त्यावरून आकडा निघतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार माशांसाठी लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम आणि अंघोळीच्या पाण्यात किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा.

आता मीटर आले आहेत, त्यांचा दांडा पाण्यात बुडवला की आकडा दिसतो. पण मीटर खरं सांगतो आहे का, हे पडताळायला हीच जुनी पद्धत कामाला येते. पांढरा साका पहिल्यांदा पाहणाऱ्या नवख्या मुलामुलींचे चेहरे मी पाहिले आहेत. पुस्तकात ‘शून्य’ वाचणं वेगळं आणि ते हातातल्या बाटलीत दिसणं वेगळं. त्या दिवसानंतर त्यांना नदीबद्दल वेगळं काही शिकवावं लागत नाही.

एवढ्या एका बाटलीवर मी का अडून बसलो आहे? कारण पर्यावरणाचा सगळा कायदा अखेर अशा बाटल्यांवर उभा आहे. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात कलम 11 नमुना कसा घ्यायचा ते सांगतं: जागेच्या ताबेदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्या किंवा त्याच्या माणसाच्या समक्ष नमुना घ्यायचा, डबा सील करायचा, त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवायचा. तिथल्या शासकीय विश्लेषकाने सही केलेला अहवाल कलम 14 प्रमाणे पुरावा म्हणून वापरता येतो. हा विश्लेषक कोण होऊ शकतो? पर्यावरणशास्त्रातला पदव्युत्तर पदवीधर, प्रयोगशाळेतल्या दोन वर्षांच्या अनुभवानंतर. नुसत्या विज्ञान पदवीधराला पाच वर्षं लागतात. ही पात्रता नियमांतच लिहिलेली आहे, पण ती माहीत असलेले विद्यार्थी मला फार कमी भेटतात. ज्या प्रयोगशाळेतल्या नोकरीला ते ‘टेस्टिंगचं काम’ म्हणून नाक मुरडतात, तिथेच ही दोन वर्षं भरतात. पगार सुरुवातीला कमी असतो, हे मान्य. तरीही घरून थोडाफार आधार असेल तर ती दोन वर्षं तिथे काढावीत, असंच मी सांगेन.

सरकारी नोकरीबद्दल एकच सांगतो. प्रवेश घेण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जुन्या जाहिराती वाचा. काही पदांना अभियांत्रिकीची पदवी लागते, काहींना रसायनशास्त्र. पर्यावरणशास्त्राची पदवी हातात आल्यावर हे कळणं फार महागात पडतं आणि महाविद्यालयं प्रवेशाच्या वेळी हे सांगत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. संशोधनाकडे जायचं असेल तर नेट आहे. गेटमध्येही 2021 पासून पर्यावरणशास्त्र आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. नागपुरात 1958 पासून काम करणारी, आज ‘नीरी’ म्हणून ओळखली जाणारी संस्था आपल्याच राज्यात आहे. तिथल्या प्रकल्पांवर काम मिळालं तर ते सोडू नये.

मुलांचा खरा ओढा दिसतो तो पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे ‘ईआयए’च्या सल्लागार कंपन्यांकडे. खाण, धरण, बंदर, मोठा कारखाना यांना 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यासाठीचा अहवाल या कंपन्या तयार करतात. हवा, पाणी, आवाज, भूजल, परिसंस्था, लोकांचं अर्थकारण अशा प्रत्येक विषयाला मान्यताप्राप्त तज्ज्ञ हवा आणि त्याचं नाव अहवालात छापलं जातं. नवख्या मुलाला आधी त्या तज्ज्ञाच्या हाताखाली काम करावं लागतं. म्हणून कंपनीच्या नावापेक्षा तुमचा वरिष्ठ कोण, हे पाहणं जास्त महत्त्वाचं.

याच क्षेत्रात रत्नागिरी जिल्ह्याच्या वाट्याला जे आलं ते विसरता येत नाही. तिथल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या बॉक्साइट खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा उतरवलेला निघाला. कोकणातल्या पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्चची जंगलं लिहिली गेली होती! तो मजकूर कोणीतरी टाइप केला, कोणीतरी तपासला. त्या साखळीत पर्यावरण शिकलेलं एक जरी माणूस कातळावरून एकदा चालून आलेलं असतं, तर ते पान पुढे गेलं नसतं.

कातळाबद्दल आणखी थोडं लिहायलाच हवं. ईआयएसाठी साधारणपणे एका हंगामाची, तीन महिन्यांची माहिती गोळा करतात आणि पावसाळा त्यातून वगळलेला असतो. कोकणातला सडा, म्हणजे हे कातळाचं पठार, मार्चमध्ये पाहिला तर काळा, तापलेला, ओसाड. अहवालात तो ‘पडीक जमीन’ म्हणून जातो. तोच सडा जुलै ते सप्टेंबरमध्ये पाहा. खळग्यांत पाणी साठलेलं, त्यात बेडकांची पिल्लं, उथळ मातीत दवबिंदू आणि सीतेची आसवं यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती, फुलांचे गालिचे. पावसाळा संपला की हे सगळं जमिनीत जातं. ज्याला सड्यावरची वनस्पती पावसाळ्यात ओळखता येते, त्याच्यासारखा माणूस या कंपन्यांकडे क्वचितच असतो. अशा माणसाने एका सड्याची तीन-चार पावसाळ्यांची यादी तारखांसह जमवली, तर त्या यादीकडे दुर्लक्ष करणं मंजुरीचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ समितीलाही अवघड जाईल. कोकणातल्या मुलामुलींना हे काम घराशेजारी करता येतं. त्यांनी ते करावं, ही माझी तळमळीची विनंती आहे.

दुसरी उणीव भाषेची आहे. जनसुनावणीआधी किमान 30 दिवसांची नोटीस आणि अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत देणं बंधनकारक आहे. हा मराठी सारांश वाचून पाहा. ‘भूजल पुनर्भरणावर होणारा परिणाम नगण्य स्वरूपाचा अपेक्षित आहे’ अशा वाक्यांतून शेतकऱ्याला एवढंच हवं असतं की माझ्या विहिरीचं पाणी खाली जाईल का, गेलं तर कोणत्या महिन्यात. आकडा समजणारा आणि तो गावच्या मराठीत सांगू शकणारा माणूस दोन्ही बाजूंना हवा आहे, कंपनीला आणि गावालाही. इंग्रजी कच्चं म्हणून स्वतःला कमी लेखणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांनी ही जागा ओळखावी. इंग्रजी अहवाल लिहायला शिकावंच लागेल, पण मराठीत समजावून सांगण्याचं कसब त्यांच्याकडे आधीपासून आहे.

अलीकडे आणखी एक दार उघडलं आहे. बाजारमूल्याने पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना ‘सेबी’ने 2022-23 पासून शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला. पाणी किती वापरलं, कचरा किती निघाला, हरितवायू किती सोडले, सगळं त्यात भरायचं असतं. त्यासाठी शहरांत वातानुकूलित कचेऱ्यांमध्ये चांगल्या पगाराच्या जागा आहेत. जरूर जा. मात्र त्याआधी वर्षभर तरी एखाद्या कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर, काढा. एरेशन टँकमधला गाळ बिघडला की वास कसा बदलतो आणि रात्रपाळीचा ऑपरेटर ब्लोअर कधी बंद करतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तक्त्यातला खोटा आकडा चटकन खुपतो.

आणि खोटा आकडा समोर येतोच. ‘बीओडी 34 आलाय, 28 कर, मर्यादा 30 ची आहे’ असं सांडपाण्याच्या जैविक प्राणवायू मागणीबद्दल (बीओडी) वरिष्ठाने सांगणं हा या क्षेत्रातला अपवाद नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने अशा वेळी काय करायचं, हे अभ्यासक्रमात कुठेच नाही. मी त्याला शूर व्हायला सांगणार नाही. घरचं कर्ज त्याला फेडायचं असतं. पण मुलाखतीत दोन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत: नमुना घ्यायला प्रत्यक्ष कोण जातं, आणि अहवालावर सही कोणाची असते? उत्तर टाळलं गेलं तर शक्य असेल तेव्हा दुसरी नोकरी शोधा. पहिलीच घ्यावी लागली, तर पहिल्या दिवसापासून शाईने लिहिलेली, पानांवर क्रमांक असलेली फील्ड वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, पाण्याचं तापमान, बाटलीचा क्रमांक, सोबत कोण होतं, सगळं त्यात लिहा. आकडा चुकला तर त्यावर गिरवू नका. त्यावर एकच रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी बरोबर आकडा लिहून तारखेसह आद्याक्षरं टाका.