जाहिरातीची कमाई : शब्द आपल्या मालाचेच धरा

आपल्या शिकलेल्या तरुणांत सध्या एका धंद्याची फार चर्चा आहे. एखाद्या छोट्याशा विषयावर वेबसाइट काढायची, गूगलवर शोधताना लोक जे शब्द टाइप करतात ते शब्द, म्हणजे कीवर्ड, धरून मजकूर लिहायचा आणि बाजूला लागणाऱ्या जाहिरातींतून घरबसल्या पैसा मिळवायचा. सोलापुरात यंत्रमागाची खडखड आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. वडिलांच्या मागावर उभे राहण्यापेक्षा मुलाला संगणकापुढे बसावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. या धंद्याला आमचा विरोध नाही. पण त्यात कोणता माल घेऊन उतरावे, याबद्दल व्यापारी या नात्याने चार गोष्टी सांगणे आम्हाला जरुरीचे वाटते.

मुळात हा जागा भाड्याने देण्याचा धंदा आहे. गूगलने ॲडसेन्स ही योजना 2003 साली सुरू केली. जाहिरातदार गूगलला पैसे देतो, गूगल आपल्या पानावर जाहिरात लावते आणि त्या रकमेचा साधारण 68 टक्के वाटा आपल्याला मिळतो. हिंदी वेबसाइटना ही सोय 2014 च्या अखेरीस मिळाली, मराठीला त्यानंतर. मात्र सर्व शब्दांना भाव सारखा नाही. जाहिरातदारांत लिलाव होतो. विमा, कर्ज, वकील हे शब्द महाग. चादर, टॉवेल हे स्वस्त. कारण उघड आहे. एक कर्जदार सापडला की कंपनी वर्षानुवर्षे व्याज खाते; एक टॉवेल विकून दुकानदाराला सुटते किती?

इथेच आपला तरुण फसतो. तो महाग शब्दांच्या मागे लागतो. कर्जाचे त्याला काही कळत नाही, म्हणून दहा ठिकाणचा मजकूर उचलून फिरवून लिहितो. अशा उथळ वेबसाइटना गूगलने फेब्रुवारी 2011 मध्ये मोठा दणका दिला. नुसत्या कीवर्डचे नाव घेऊन उभ्या राहिलेल्या वेबसाइट सप्टेंबर 2012 मध्ये खाली ढकलल्या गेल्या. मशीनकडून घाऊक मजकूर पाडून घेणाऱ्यांवर मार्च 2024 मध्ये कारवाई झाली. शिवाय 2024 पासून गूगल स्वतःच पानाच्या वरच्या बाजूला उत्तर लिहून देऊ लागले आहे. मग उचललेला मजकूर वाचायला गिऱ्हाईक आपल्या दारात येईल कशाला?

दुसरा प्रश्न हलाल कमाईचा. व्याजी कर्जाच्या पानावर व्याजी कर्जाचीच जाहिरात लागणार. ॲडसेन्समध्ये जुगार, दारू, कर्ज अशा जाहिराती वर्गवार बंद करण्याची सोय आहे आणि प्रत्येक मुस्लिम तरुणाने ती पहिल्याच दिवशी वापरली पाहिजे. पण कर्जाच्या वेबसाइटवर कर्जाच्या जाहिराती बंद केल्या तर उरते काय? धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणारी हदीस आपण सर्वजण ऐकत आलो आहोत. वरून माहिती आणि आतून पोकळ असलेले पान हा तसलाच ढीग होय.

म्हणून आमचे मत असे की, शब्द आपल्या मालाचेच धरावेत. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तरीही बाहेरगावचा माल सोलापुरी म्हणून सर्रास खपतो. खरी चादर कशी ओळखावी? जेकार्डवर विणलेली नक्षी आणि वरून छापलेली नक्षी यांत फरक काय? टॉवेलचे जीएसएम म्हणजे काय आणि हॉटेलवाल्याने किती वजनाचा टॉवेल घ्यावा? नवा टॉवेल पहिल्या धुण्याआधी पाणी नीट का शोषत नाही? या प्रश्नांची उत्तरे चाटी गल्लीतल्या दुकानाच्या गादीवर आणि अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत रोज तोंडी दिली जातात. ती कोणी लिहून ठेवत नाही. जे ज्ञान हाताला आहे ते उचलेगिरीने मिळत नाही, आणि तेच आपले भांडवल आहे. मुलाने लिहावे, वडिलांनी तपासावे, फोटो आपल्याच मागावरचे असावेत.

आता हिशेब पाहू. समजा रोज 1000 लोक आले आणि जाहिरात हजार वेळा दिसली की 30 रुपये मिळाले, तर दिवसाचे 30 आणि महिन्याचे 900 रुपये होतात. शंभर डॉलर जमेपर्यंत गूगल पैसे पाठवत नाही. म्हणजे पहिली रक्कम हाती यायला नऊ-दहा महिने लागतील. आणि रोज 1000 लोक येणे हेच मुळी सोपे नाही. तेव्हा ही वरकमाई समजावी, तिच्या भरवशावर माग विकू नये. 'तयार वेबसाइट घ्या, महिन्याला लाख कमवा' म्हणत हजारो रुपये फी उकळणाऱ्यांना हाच हिशेब कागदावर मांडायला सांगावे.

आणखी काही पथ्ये. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः किंवा मित्रांकडून बोट दाबून घेऊ नये. खाते बंद होते, आणि तो उघड धोका आहे. जिथे आपला माल विकायचा त्या पानावर जाहिरात लावू नये, नाहीतर चिल्लर पैशांसाठी आपलेच गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पाठवल्यासारखे होईल. माहितीची पाने वेगळी, विक्रीची वेगळी. मिळालेले उत्पन्न आयकराच्या विवरणात दाखवावे.

जाहिरातीचे पैसे थोडेच येतील. पण खरी माहिती देणाऱ्याचे नाव होते, आणि नाव झाले की उद्या नागपूरचा किंवा हैदराबादचा व्यापारी दलालाविना थेट विचारणा करतो. आपल्या कारागिरांची कला आजवर दुसऱ्यांच्या लेबलाखाली विकली गेली. ती आपल्या नावाने, आपल्या शब्दांत मांडण्याचे साधन मुलांच्या हातात आले आहे. आपल्या व्यापारी बांधवांनी त्यांना चेष्टेवारी न नेता रोज अर्धा तास आपल्या शेजारी बसवून घ्यावे आणि मालाची ओळख करून द्यावी. बरकत देणारा अल्लाह आहे. माल खरा ठेवणे आपल्या हाती आहे.