अंबरनाथलाही निवांत जावे



इटलीतल्या निवांत भटकंतीवरच्या लेखाला गेल्या अंकात आलेले उत्तर अर्धेच पटते. फ्लोरेन्स घाईघाईत उरकू नये, हे खरेच. पण ठाणे-डोंबिवलीकरांना प्राचीन कला पाहायला परदेशच गाठावा लागतो, हे पत्रलेखकाचे म्हणणे साफ चुकीचे आहे.

कल्याणच्या पुढे, लोकलने काही मिनिटांवर अंबरनाथचे शिवमंदिर आहे. तिथला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा, शिलाहार राजा मम्मुणीच्या काळातला. व्हेनिसच्या आजच्या सेंट मार्क बॅसिलिकाचे काम सुरू झाले ते १०६३च्या सुमारास!

मंदिर भूमिज शैलीचे. मंडप आणि गाभारा कोनाला कोन भिडवून बसवलेले, त्यामुळे बाहेरची भिंत सारखी आत-बाहेर वळते आणि ऊन सरकेल तशी एकेक मूर्ती उजळत जाते. गाभारा मंडपापेक्षा बराच खोल. पायऱ्या उतरून आत जावे लागते. उजेड येतो तो वरून, उघड्या शिखरातून. अर्ध्या तासात हे काय दिसणार?

१८६८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या मंडळींनी या शिल्पांचे साचे घेतले होते. आपल्या शाळांच्या सहली मात्र बहुधा रिसॉर्टकडे वळतात. एक तरी सहल वालधुनी नदीकाठच्या या मंदिरात, वह्या-पेन्सिली घेऊन, अख्ख्या दिवसासाठी न्यावी.

– एक वाचक, डोंबिवली