चाक कां फिरत नाहीं?

गेल्या श्रावणांत आमचे जावई स्वतःची मोटार घेऊन पुण्याहून शिर्डीस आले. बरोबर विहीणबाई होत्या. दर्शन, पाहुणचार व पाऊस ह्यांत चार दिवस गेले. गाडी दारच्या कडुनिंबाखालीं भिजत उभी. पांचव्या दिवशीं निघावें तों मागचें डावें चाक फिरेना! विहीणबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशीं पुण्यास ठरलेली. जावईबापू यंत्राचा जोर वाढवीत होते, आणि तें चाक चिखलांत नांगरासारखें तास ओढीत होतें.

शेजारचे वृद्ध गाडीवान म्हणाले, "मास्तर, बैलाला हाणून आख सुटत नाय. आधी चाक उचला."

बोलणें मार्मिक होतें. कर्णाच्या रथाचें चाक पृथ्वीनें ग्रासलें, तेथें कारण शापाचें. आमच्या कोपरगांव-राहात्याकडील काळ्या मातीस पावसाळ्यांत शापाचीही गरज लागत नाहीं! परंतु चाक उचलूनही हातानें फिरेना, तर भूमि निर्दोष ठरते. दोष ब्रेकमध्यें किंवा तुंब्यांत (संस्कृतांत ज्यास नाभि म्हणतात तेथें) शोधावा.

हल्लींच्या बहुतेक लहान मोटारींत यंत्राचा जोर पुढल्या चाकांस असतो. मागलीं नुसतीं ओढलीं जातात. तेव्हां अशा गाडीचें मागचें चाक अडलें असतां गिअरला बोल लावूं नये. ह्या गाडीच्या मागल्या चाकांत ड्रमचे ब्रेक होते. हँडब्रेक ओढून ठेविला म्हणजे आंतील पट्टे ड्रमला घट्ट टेकून राहतात. ओलाव्यानें ड्रमच्या लोखंडास गंज चढतो, पट्टे त्यास धरून बसतात, आणि मग हँडब्रेक सोडला तरी ते सुटत नाहींत. चार दिवसांच्या पावसानें हेंच केलें होतें.

चाकाचे नट आधींच सैल करून, पुढल्या चाकांस दोन्ही बाजूंनीं दगड लावून, गाडी जॅकवर उचलली व चाक काढिलें. (जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं मात्र कोणींही शिरूं नये.) ड्रमच्या कडेस लांकडी ठोकळा धरून सभोंवार बेतानें ठोके दिले. आठव्या-नवव्या ठोक्यास "टक्" झालें, आणि ड्रम फिरला! न फिरता, तर हँडब्रेकची तार अडकली आहे काय हें पाहण्यास कारागिरासच बोलवावें लागतें.

जावईबापू लागलीच निघणार होते. आम्हीं त्यांस थांबविलें. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांत एका चक्राचें वर्णन आहे; सकल भुवनांचा भार वाहूनही त्याचा अक्ष तापत नाहीं. मोटारीच्या चाकास ती सिद्धि नाहीं. ब्रेक अर्धवट धरून राहिला तर तें तापतें, करपल्याचा वास येतो, आणि पुण्यापर्यंतच्या रस्त्यावर त्याचा परिणाम काय होईल हें सांगवत नाहीं. म्हणून एक किलोमीटर जाऊन थांबलों व दोन्ही मागल्या चाकांजवळ हात नेऊन पाहिला, ऊब सारखीच. मग निरोप दिला. रात्रीं सुखरूप पोंचल्याचा फोन आला.

पावसांत गाडी बरेच दिवस उभी करावयाची तर सपाट जागा पाहावी, पहिला गिअर घालावा, चाकांस दगड लावावे व हँडब्रेक सोडून ठेवावा. त्या दिवसाचे दोन दगड कडुनिंबाखालीं अजून आहेत. तुळशीच्या कट्ट्यासाठीं ते मागितले गेले. आम्हीं दिले नाहींत.